खातरजमा

माणसाच्या अंगचा एखादा सद्गुण सेवानिवृत्तीच्या दिवशी सायंकाळी, शाल आणि नारळ हाती पडताक्षणी, व्याधीत रूपांतर पावतो ही गोष्ट मला वेळीच कोणी सांगितली असती, तर तो सद्गुण मी कचेरीतल्याच लोखंडी कपाटात ठेवून, त्याची रीतसर पोच घेऊन, मोकळ्या हातांनी घरी आलो असतो. चौतीस वर्षे मी दस्तनोंदणीच्या एका कचेरीत कारकुनी केली. खरेदीखत असो, गहाणखत असो, बक्षीसपत्र असो की मुखत्यारपत्र असो, त्यातील चतुःसीमा, मुद्रांकाची रक्कम, साक्षीदारांच्या सह्या आणि सही न येणाऱ्या इसमांचे अंगठे मी तीन तीन वेळा पडताळून पाहत असे. आणि त्याबद्दल एकामागून एक आलेल्या नऊ साहेबांनी माझ्या गोपनीय अहवालात 'अत्यंत दक्ष' असाच शेरा मारलेला आहे. पडताळण्यास एकही दस्त उरला नाही तेव्हा हीच दक्षता उपाशी मांजरीसारखी घरभर हिंडू लागली आणि अखेर आमच्या दाराच्या कुलपापाशी येऊन बसली.

कुलूप निर्दोष आहे हे प्रारंभीच नमूद करतो. १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत ज्या कुलपांचा कारखाना काढला त्या घराण्यातले ते असून, आमच्या संसारात प्रवेश केलेल्या समस्त वस्तूंपैकी आजतागायत बिनतक्रार राहिलेली ती एकच वस्तू होय. (हे वाक्य कुटुंबाने वाचले. खोडावे असे काही त्यात नाही, असा तिचाही अभिप्राय पडला.) दोष कुलपाचा नव्हता, साक्षीचा होता. किल्ली फिरवून, कुलूप ओढून पाहून मी सात पायऱ्या उतरत असे, आणि आठव्या पायरीवर माझ्यातला कारकून मलाच उलटतपासणीला उभे करी: ओढलेत म्हणता, पण ओढतेवेळी आपले लक्ष कोठे होते? जी आठवण आपण पुराव्यादाखल सादर करता ती आजची की कालची? या प्रश्नांना समाधानकारक जबाब देता येत नसल्याने मी परत वर जाई, पुन्हा ओढी, पुन्हा उतरे; आणि नवल असे की जितक्या वेळा ओढावे तितका पुरावा बळकट न होता उलट पातळ होत जाई, कारण सात वेळा ओढल्यावर कोणती आठवण कोणत्या ओढीची हेच कळेनासे होई.

भाचीच्या लग्नाच्या दिवशी हे चौदा वेळा झाले. आम्ही कार्यालयात पोहोचलो तेव्हा मंगलाष्टके संपून, अक्षता पायदळी जाऊन, पहिली पंगत जिलबीपर्यंत आलेली होती. आणि मामाने करावयाची जी कृत्ये शास्त्राने नेमून दिली आहेत ती साडूंनी परस्पर उरकून घेतली होती. त्याच पंगतीत, माझ्या पानाभोवती, आप्तांची एक समिती आपोआप बसली. मेहुण्यांनी बोटाच्या ठशाने उघडणारे कुलूप सुचवले. चौतीस वर्षे अंगठे तपासलेल्या माणसाला हा उपाय सुचवणे म्हणजे दारुड्याला द्राक्षासव देणे होय, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. एका मावशींनी शनिवारी मारुतीला जाण्यास सांगितले. तेवढ्यात साडू, मठ्ठ्याचा पेला खाली ठेवून, खालच्या आवाजात म्हणाले, "डोक्याचं कोणाला तरी दाखवून घ्या," आणि पंगतीवर अशी शांतता पसरली की वाढप्यालाही वाटले, बहुधा मीठ राहिले.

ही शांतता समजण्यासाठी आमच्याकडचा भूगोल माहीत असावा लागतो. मनोरुग्णांची चार मोठी सरकारी रुग्णालये महाराष्ट्रात आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, आणि या चारही गावांच्या नावांना त्यांच्या त्यांच्या पंचक्रोशीत एक जादा अर्थ चिकटलेला आहे. मुंबईकर ज्याला ठाण्याला धाडतो त्यालाच पुणेकर येरवड्याला धाडतो, उभयपक्षी खर्च एकच. त्यातही येरवड्याची गोष्ट निराळी, कारण तेथे कारागृहही आहे आणि रुग्णालयही आहे. कारागृहाच्या वाटेने महात्मा गांधी गेले. त्या वाटेने जाऊन आलेल्यांना १९७२ साली सरकारने ताम्रपट दिले आणि त्यांची नातवंडे ते दिवाणखान्यात टांगतात. दुसऱ्या वाटेने गेलेल्याचा मात्र फोटोसुद्धा माजघरात जातो. वास्तविक मला येरवड्याला जावयाचे नव्हते, दाखल तर मुळीच व्हावयाचे नव्हते. पण मनाचा वैद्य म्हटले की मधली सगळी ठाणी गाळून गाडी थेट शेवटच्या स्थानकावर न्यावयाची, हा आपल्या कल्पनाशक्तीचा जुना शिरस्ता आहे.

गंमत अशी की या रोगाला आपल्या भाषेत नाव नाही असे नाही. 'मंत्रचळ' हा अस्सल, घरगुती शब्द आजीच्या तोंडी होता आणि तो रोगही आजीच्या घरात होता. मात्र सोवळ्याच्या आडोशाने तो बिनबोभाट खपून गेला. दिवसातून वीस वेळा हात धुणाऱ्या आणि धुतलेल्या तांब्यावर पुन्हा राख घासणाऱ्या काकूंना लोक 'कडक' म्हणत. आजारी कोणी म्हटले नाही. माझे दुर्दैव असे की कुलूप ओढण्याला धर्मशास्त्रात आधार सापडत नाही.

तपासाला आरंभ आमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून झाला. त्यांनी रक्त तपासले, जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि रोज सकाळी फिरावयास जाण्याचे फर्मान काढले. फिरावयास जाणे म्हणजे घराला कुलूप लावणे, ही बाब मी त्यांच्या नजरेस आणून देईपर्यंत पुढचा रुग्ण आत आलेला होता.

त्यानंतर गाठ पडली ती एका समुपदेशकांशी. त्यांच्या पाटीवर विवाह, अभ्यास, व्यवसायनिवड, हस्ताक्षरसुधार आणि मनःशांती ही पाच खाती एकाच लिपीत मांडलेली होती, आणि पदवी म्हणून जी अक्षरे होती ती मी सवयीने तीनदा वाचूनही मला लागली नाहीत. गृहस्थ मोठे प्रेमळ होते. माझी कैफियत अर्धी ऐकून त्यांनी निदान केले की माझा विश्वावरचा विश्वास उडाला आहे, आणि उपाय सांगितला की रोज पहाटे 'मी निर्धास्त आहे' हे वाक्य एकवीस वेळा म्हणावे. मी म्हणू लागलो. पण एकविसावे वाक्य म्हणून झाल्यावर ते एकविसावे होते की विसावे याची शंका येई, आणि शंका आली की पुन्हा एकपासून आरंभ करणे क्रमप्राप्त होई. तिसऱ्या दिवशी मी पहाटे साडेचारपासून साडेसहापर्यंत निर्धास्त होतो. एका कुलपाची दोन कुलपे झाली, आणि त्यातले एक तर आत, जिथे किल्ली पोहोचत नाही तिथे लागले.

अखेर एका रात्री १४४१६ हा क्रमांक फिरवला. 'टेलिमानस' नावाची ही सरकारी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली असून ती मोफत आहे आणि मराठीतही बोलते. पलीकडच्या मुलीने शांतपणे सर्व ऐकून घेतले आणि सांगितले की आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि 'वर्तनोपचार कोण करतं' हे त्यांना नेमक्या शब्दांत विचारा. मी आभार मानून फोन ठेवला आणि दहा मिनिटांनी पुन्हा केला. सल्ला तोच आहे ना, एवढेच पाहावयाचे होते. दुसऱ्या वेळी आवाज निराळा होता, सल्ला मात्र शब्दशः तोच निघाला. सरकारी कामात इतका मेळ पाहून माझे डोळे पाणावले.

या खात्यातील पदांची उतरंड मला तेव्हा समजली, आणि ती समजल्यावर निम्मी भीती गेली. कारण सरकारी नोकराला अज्ञात प्रदेशाची भीती वाटते ती तेथे कोण कोणाच्या हाताखाली आहे हे ठाऊक नसते म्हणूनच. मानसोपचारतज्ज्ञ हा आधी वैद्यकीचा डॉक्टर असतो आणि औषध लिहून देण्याचा अधिकार त्याचा. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो किंवा ती बोलून, मोजून आणि अभ्यास लावून देऊन उपचार करते, आणि तिचे नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते. नोंदवही हा शब्द कानी पडताच माझ्या अंगात जुने चैतन्य संचारले. आयुष्यभर दस्तांची नोंद पाहिलेल्या माणसाने वैद्याची नोंद न पाहता केवळ पाटीवर भिस्त ठेवावी, ही खंत मला पहिल्या गृहस्थांच्या फीपेक्षाही अधिक लागली. 'समुपदेशक' ही पाटी लावावयास सध्या खिळा आणि हातोडी यांहून अधिक साहित्य लागतेच असे नाही.

ज्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो त्यांनी नऊ मिनिटांत काम आटोपले, पण ती नऊ मिनिटे सोन्याची होती. दुखणे ओळखीचे आहे, त्याला औषध आहे, मात्र त्याचा पुरता गुण यावयास दोन-तीन महिने धीर धरावा लागतो, आणि औषधाइतकाच चालणारा दुसरा उपाय म्हणजे विशिष्ट प्रकारचा वर्तनोपचार, इतके सांगून त्यांनी एक गोळी आणि एक नाव लिहून दिले. त्या नावाच्या बाईंकडे तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. आमच्या शहरात मनःशांतीसाठीही रांग आहे हे पाहून थोडे बरे वाटले. रांग म्हटली की माणूस एकटा नसतो.

बाईंचा दवाखाना एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, दंतवैद्याच्या दारासमोर आहे, आणि दोघांत मिळून बसावयाची जागा एकच. ही रचना ज्याने केली त्याला माणसाच्या मनाचे ज्ञान त्या मजल्यावरील दोघांहूनही अधिक असले पाहिजे. तेथे बाकावर बसलेला प्रत्येक मनुष्य गालाला हात लावून बसलेला असतो. पहिल्याच दिवशी आमच्या समोरच्या बिऱ्हाडातले वकीलसाहेब तेथे भेटले. त्यांनी आपला उजवा गाल धरला, मी माझा डावा धरला, आणि 'अक्कलदाढ' या विषयावर आम्ही असे काही बोललो की समोरची बाई, जिचा दात खरोखरच दुखत असावा, आमच्याकडे संशयाने पाहू लागली. परिणामी आमच्या साऱ्या वाड्यात माझी दाढ प्रसिद्ध झाली. खालच्या काकूंनी लवंगेचे तेल पाठवले; दिवाळीत चकलीचे ताट माझ्यापुढून उचलून तेथे मऊ गुरगुट्या भात ठेवण्यात आला, आणि मला तो खावा लागला.

प्रथम भेटीसाठी मी चौदा पृष्ठांची कैफियत तयार करून नेली होती. डाव्या बाजूस समास सोडून, जन्मापासून आरंभ करून, मौंजीत पडलेला मार, वडिलांचा हरवलेला चष्मा आणि १९८३ सालची चोरी (शेजाऱ्यांकडची) असा सर्व मजकूर क्रमवार मांडला होता. कारण असे ऐकून होतो की हे लोक माणसाला कोचावर निजवतात आणि बालपण उकरतात. कोच नव्हता. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. बाई तिशीच्या, आमच्या भाचीहून दोन-चार वर्षांनी मोठ्या. त्यांनी कैफियत आदराने बाजूला ठेवली आणि विचारले, "काका, आज निघताना कुलूप किती वेळा ओढलंत?"

"नऊ," मी म्हणालो.

"छान. म्हणजे मोजता येतंय."

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या मोजण्याला कोणी छान म्हटले नव्हते. पुढे त्यांनी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या या परीक्षेत जास्तीत जास्त गुण चाळीस; मला बावीस मिळाले आणि शेरा पडला 'मध्यम'. आजारातसुद्धा मध्यम! नऊ साहेबांचे अहवाल डोळ्यांपुढून तरळून गेले. मी दोन उत्तरांचा फेरविचार व्हावा अशी विनंती करून पाहिली. बाई म्हणाल्या, फेरविचार करावासा वाटणं हेच तर आपलं दुखणं.

घरी करावयाचा पहिला अभ्यास म्हणजे एक नोंदवही. दिनांक, वेळ, ओढींची संख्या, मनाची अस्वस्थता शंभरपैकी किती, आणि शेरा. या आज्ञेने मी जो हर्षित झालो तो शब्दांत सांगणे कठीण, दुरेघी आखून, अनुक्रमांक घालून, शाईने लिहिलेली ती वही पाहून बाईंना काय वाटले असेल ते असो, पण त्यांनी तिच्यावर बोट ठेवून विचारले, "यात खाडाखोड कशी नाही?" मी अभिमानाने सांगितले की चूक झाली की मी सबंध पान पुन्हा लिहून काढतो. त्या काही वेळ गप्प राहिल्या. दुसऱ्या आठवड्याचा अभ्यास असा लागला की प्रत्येक पानावर निदान एक चूक जाणूनबुजून करावी आणि ती तशीच सोडावी. पहिल्या दिवशी 'शनिवार'मधला 'नि' दीर्घ काढला आणि रात्री अडीच वाजेपर्यंत मला झोप आली नाही.

उपचाराचे तत्त्व इतके साधे आहे की ते ऐकून पैसे परत मागावेसे वाटतात. भीतीला सामोरे जावयाचे आणि ती शमवण्यासाठी जे कर्म आपण करतो ते करावयाचे नाही. भीती चढते, चढते, आणि तिला कोणी विचारीत नाहीसे पाहून आपली आपण उतरते. १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातल्या व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञांनी अशा दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि त्यांतील सतत धुणाऱ्या बाईंच्या खोलीतले नळच बंद करण्यात आले होते. (आमच्या पेठेत हा उपचार कित्येक गुरुवारी आपोआप होतो, त्याचा गुण का येत नाही याचा कोणी अभ्यास केलेला ऐकिवात नाही.) मग बाईंनी भीतीची एक चढती भाजणी माझ्याकडूनच लिहवून घेतली. गॅसची कळ एकदाच पाहणे, चाळीस. कुलूप एकदाच ओढून कोपऱ्यापर्यंत जाणे, साठ. नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला देऊन, तो पोहोचला का हे विचारण्यासाठी खिडकीवर परत न जाणे, पंचाहत्तर. मी हयात आहे याची खातरजमा मी मागील साली एकाच दिवसात तीन वेळा केली होती. कुलूप मुळीच न ओढता निघून जाणे, नव्वद. आणि सर्वांत वर, शंभर: तसेच न ओढता परगावी जाऊन मुक्काम करणे.

साठाच्या पायरीला बाई स्वतः घरी आल्या. 'दंतवैद्य घरी येतात?' हा प्रश्न खालच्या काकूंच्या मुद्रेवर स्पष्ट वाचता येत होता. मी कुलूप लावले, एकदा ओढले, आणि आम्ही कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या बाकावर जाऊन बसलो. दर पाच मिनिटांनी बाई घड्याळ पाहून विचारत, "आता किती?" मी म्हणे, "ऐंशी." पुन्हा, "आता?" "पंच्याऐंशी." "आता?" "सत्तर." रसवाल्याला वाटले, काही जुन्या मालाचा सौदा चालला आहे आणि पोरगी म्हाताऱ्याला मोठ्या हुशारीने खाली आणते आहे. मला घसा कोरडा पडल्याने रस मागवावासा वाटला, तर बाई म्हणाल्या, "रस नंतर. भीतीकडे पाठ फिरवायची नाही." पन्नास मिनिटांनी आकडा तिसावर आला. त्या बाकावर बसून मी पाहिले की माझे घर तेथेच आहे, कोणी चोर सामान वाहून नेत नाही, आणि ज्या भीतीला मी इतकी वर्षे दर वेळी परत वर जाऊन नजराणा पोहोचता करीत होतो, ती नजराणा न मिळताही निघून जाते. रसवाल्याने रस दिला तो "चाळीसला द्यायचं होतं काका, तीस फार कमी झाले," अशा सल्ल्यासह.

फीची हकीकत थोडक्यात सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम २१ विमा कंपन्यांना बजावते की शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजारालाही असावा. मी कलमाचा दाखला देऊन अर्ज केला. आमच्या विमापत्रानुसार खर्च मिळतो तो रुग्णालयात दाखल होणाऱ्याला, मग आजार शरीराचा असो वा मनाचा; आणि मी तर रसवंतीवर दाखल झालो होतो.

उपचारातला खरा अवघड भाग मात्र माझ्या वाट्याचा नव्हता. इतकी वर्षे जिन्यात उभी राहून कुटुंब मला सांगत आले होते, "अहो, लागलंय कुलूप, मी पाहिलंय." बाईंनी तिला समोर बसवून ताकीद दिली की ही खातरजमा यापुढे बंद; यांनी विचारले तरी उत्तर द्यावयाचे नाही, कारण तुमचे 'लागलंय' ही यांची पंधरावी ओढच आहे. तिने ते तंतोतंत पाळले. मी विचारी, ती पिशवीतल्या लिंबांकडे पाही. हळूहळू मी विचारीनासा झालो. सोळा भेटींनंतर पुन्हा तीच प्रश्नावली भरली तेव्हा गुण नऊ आले; इतके कमी गुण मिळवून मी आयुष्यात प्रथमच पेढे वाटले, आणि वाड्याने ते दाढ निघाल्याचे म्हणून खाल्ले.

मागल्या महिन्यात शंभराची पायरी आली. साताऱ्याला पुतण्याकडे दोन रात्रींचा मुक्काम ठरला. मी दार लावले, किल्ली फिरवली, खिशात टाकली, आणि हात पाठीमागे बांधून जिना उतरलो. सात, आठ, नऊ. काही झाले नाही. रिक्षा स्वारगेटकडे निघाली तेव्हा माझा आकडा पंचावन्न होता आणि टिळक रस्ता संपेपर्यंत चाळिसावर आला. मी प्रसन्न होऊन शेजारी पाहिले, तर कुटुंबाचा चेहरा उतरलेला.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही ओढून नाही पाहिलंत."

"नाही."

"एकदासुद्धा?"

मी उत्तर देणार होतो. जीभ टाळूपर्यंत गेली होती. पण उपचाराचे कलम दोन्ही पक्षांस सारखेच लागू असावे असे वाटून मी बाहेरच्या दुकानांकडे पाहू लागलो. पस्तीस वर्षे या घरातली सारी कुलपे माझ्या काळजीच्या जोरावर लागत होती आणि ती निर्धास्त झोपत होती. ते खाते एकाएकी बंद झाल्यावर त्याची बाकी कोणाच्या नावावर जाणार, याचा विचार बाईंनी, मी किंवा येल विद्यापीठाने केलेला नव्हता. साताऱ्याची गाडी लागलेली होती. खिडकीशी बसल्यावर तिने पर्स मांडीवर घेतली, उघडली, मिटली, पुन्हा उघडली; आणि गाडी कात्रजच्या घाटाला लागेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. बोगद्याच्या अलीकडे तिने हळूच उजवा गाल धरला.

"त्या तुमच्या बाईंची वेळ," ती म्हणाली, "किती दिवसांनी मिळते हो? माझी दाढ जरा ठणकते आहे."